‘लवकर’ म्हणजे केव्हा? : ॲट्रियल फिब्रिलेशनमधील कॅथेटर ॲब्लेशनच्या वेळेसंबंधीच्या पुराव्याची चिकित्सा

प्रस्तावना

प्रौढ वयात आढळणाऱ्या हृदयाच्या लयबिघाडांमध्ये ॲट्रियल फिब्रिलेशन हा सर्वांत मोठ्या प्रमाणावर आढळणारा दीर्घकालीन बिघाड होय. निरोगी हृदयात उजव्या अलिंदातील सायनस नोडमधून निघालेला विद्युत्संदेश ठरावीक अंतराने दोन्ही अलिंदांत पसरतो आणि तेथून निलयांकडे जातो. या विकारात मात्र अलिंदांमध्ये अनेक विद्युत्लहरी एकाच वेळी स्वैरपणे फिरू लागतात. अलिंदे आकुंचन पावण्याऐवजी नुसती थरथरत राहतात, नाडीचा ताल सुटतो, आणि डाव्या अलिंदाच्या कानासारख्या लहान पिशवीत रक्त साकळून गुठळी होण्याचा संभव वाढतो. ही गुठळी मेंदूकडे गेल्यास पक्षाघात होतो. काही रुग्णांना धडधड, दम आणि थकवा यांनी हैराण केलेले असते, तर काहींना हा विकार आपल्याला जडला आहे याची जाणीवही नसते.

या विकारावरील कॅथेटर ॲब्लेशन ही उपचारपद्धती गेल्या पाव शतकात प्रस्थापित झाली. जांघेतील शिरेतून बारीक नळी हृदयात नेऊन, फुफ्फुसशिरा डाव्या अलिंदाला जेथे मिळतात त्या जागेभोवतीची ऊती उष्णतेने, अतिशीत फुग्याने किंवा अलीकडे विद्युत्क्षेत्राच्या अतिसूक्ष्म स्पंदांनी निष्क्रिय केली जाते. प्रारंभी हा उपचार औषधे निष्फळ ठरल्यानंतरचा पर्याय मानला जात असे. आता क्रम उलटला आहे. युरोपीय हृदयरोग संघटनेच्या २०२४ सालच्या मार्गदर्शक सूत्रांनी, अधूनमधून येणाऱ्या म्हणजे पॅरॉक्सिस्मल प्रकाराच्या फिब्रिलेशनमध्ये, रुग्णाशी विचारविनिमय करून, ॲब्लेशनला पहिल्या उपचाराचे स्थान सर्वोच्च श्रेणीच्या शिफारशीसह दिले. अमेरिकी संघटनांच्या २०२३ सालच्या सूत्रांनीही, तरुण आणि अन्य व्याधी कमी असलेल्या निवडक रुग्णांपुरती, जवळजवळ तीच भूमिका घेतली.

या बदलाबरोबर ‘जितक्या लवकर तितके चांगले’ हे विधान वैद्यकीय परिषदांतून आणि रुग्णांसाठीच्या माहितीपत्रकांतून सिद्ध झालेल्या नियमासारखे वावरू लागले आहे. या विधानात तीन स्वतंत्र प्रश्न एकमेकांत मिसळले गेले आहेत, आणि त्यांपैकी एकाचे उत्तर दुसऱ्याचे म्हणून खपवले जाते, असे उपलब्ध चाचण्या बारकाईने वाचल्यास दिसून येते. लय लवकर पूर्ववत करावी काय, हा पहिला प्रश्न. ती औषधांनी करावी की ॲब्लेशनने, हा दुसरा. ॲब्लेशन करायचे ठरल्यावर काही महिने थांबल्याने नुकसान होते काय, हा तिसरा. रुग्ण आणि त्याचे कुटुंबीय यांच्यासमोर प्रत्यक्षात बहुधा तिसराच प्रश्न उभा असतो. पुरावा मात्र त्यांना पहिल्या दोहोंचा दाखवला जातो.

शेळ्यांवरील प्रयोग आणि त्याचे अर्धे वाचन

घाईच्या बाजूने दिला जाणारा सैद्धांतिक आधार १९९५ सालचा आहे. नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट येथे मॉरिट्स ॲलेसी यांच्या प्रयोगशाळेत विफेल्स व सहकाऱ्यांनी शेळ्यांच्या अलिंदांना विद्युत्स्पंदांनी पुनःपुन्हा फिब्रिलेशनमध्ये ढकलले. सुरुवातीला काही सेकंदांत आपोआप थांबणारा झटका, फिब्रिलेशन सतत चालू ठेवल्यावर, लांबत गेला. सुमारे आठवडाभरात बहुतेक शेळ्यांमध्ये तो चोवीस तासांहून अधिक टिकू लागला. फिब्रिलेशनच पुढील फिब्रिलेशनला जन्म देते, हे सूत्र येथून रूढ झाले आणि त्यावरून ‘विकार रुजण्यापूर्वीच उपटावा’ असा निष्कर्ष काढणे ओघाने आले.

मात्र त्याच संशोधनाचा दुसरा भाग फारसा उद्धृत होत नाही. लय पूर्ववत झाल्यावर अलिंदांच्या विद्युत्गुणधर्मांतील हे बदल आठवड्याभरात मागे फिरले होते. म्हणजे विद्युत्पातळीवरील बदल जलद होतो, पण तो उलटवताही येतो. अलिंदाच्या स्नायूत तंतुमय ऊती वाढणे, अलिंद रुंदावणे हे रचनेतील बदल मात्र याहून संथ आणि हट्टी असतात. ते केवळ फिब्रिलेशनमुळे होतात असेही नाही. वाढलेला रक्तदाब, स्थूलता, झोपेतील श्वसनरोध, मधुमेह, वय आणि झडपांचे विकार ही त्यांची कारणे फिब्रिलेशन प्रकट होण्याच्या कितीतरी आधीपासून कार्यरत असतात. त्यामुळे ‘फिब्रिलेशनचा पहिला झटका’ हा रोगाचा आरंभबिंदू मानणे शास्त्रीयदृष्ट्या सैल आहे. अमेरिकी सूत्रांनी २०२३ साली विकाराचे टप्पे पाडताना धोका असलेल्या पण फिब्रिलेशन न झालेल्या व्यक्तींना पहिल्या टप्प्यात घातले ते याच कारणाने. हे वर्गीकरण मान्य केल्यास लवकर उपचाराचा काळ निदानाच्या दिवसापासून मोजण्याला फारसा अर्थ उरत नाही, ही गोष्ट त्याच सूत्रांचा आधार घेऊन घाईचा पुरस्कार करणाऱ्यांच्या नजरेतून सुटते.

ॲब्लेशनचा दुसरा पाया १९९८ सालचा. फ्रान्समधील बोर्दो येथे मिशेल हायसागेर व सहकाऱ्यांनी वारंवार झटके येणाऱ्या ४५ रुग्णांत झटक्याची ठिणगी कोठे पडते याचा शोध घेतला. सापडलेल्या ६९ केंद्रांपैकी ९४ टक्के केंद्रे फुफ्फुसशिरांच्या आत होती. हा शोध लयशास्त्रातील अत्यंत फलदायी शोधांपैकी एक आहे यात शंका नाही. त्याची मर्यादाही त्यातच आहे. ठिणगी विझवणारा उपचार, ज्या रुग्णांत विकार ठिणगीच्या पातळीवर आहे त्यांना अधिक लागू पडणार. ज्यांच्या अलिंदाचा स्नायूच बदलला आहे त्यांना तो कमी लागू पडणार. सातत्याने चालू असणाऱ्या फिब्रिलेशनच्या ५८९ रुग्णांवरील स्टार-एएफ २ या चाचणीत फुफ्फुसशिरांच्या विलगीकरणाला अलिंदातील आणखी रेषांची जोड देऊनही फायदा झाला नाही, हे २०१५ साली दिसून आले. लवकर ॲब्लेशनचा युक्तिवाद या निरीक्षणातून बळ घेतो, आणि तितक्यापुरता तो योग्यही आहे.

लयनियंत्रणाचा प्रश्न : २००२ ते २०२०

एकविसाव्या शतकाच्या आरंभी वारे नेमके विरुद्ध दिशेने वाहत होते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ४०६० रुग्णांच्या अफर्म चाचणीने लय सुधारण्याचा प्रयत्न आणि केवळ नाडीची गती आटोक्यात ठेवणे या दोन धोरणांची तुलना केली. आयुर्मानात लयनियंत्रणाचा फायदा दिसला नाही. पाच वर्षांतील मृत्यूंचे प्रमाण लयनियंत्रणाच्या गटात २३.८ टक्के, तर गतिनियंत्रणाच्या गटात २१.३ टक्के होते. या आकड्यांनी दीड दशकाहून अधिक काळ जगभरच्या चिकित्सेला वळण दिले. त्या काळातील लयनियंत्रण म्हणजे मुख्यतः ॲमिओडॅरोनसारखी औषधे, आणि लय सुधारलेल्या अनेक रुग्णांत रक्त गोठण्यास प्रतिबंध करणारे औषध थांबवले जाई. या दोन्ही बाबींची किंमत रुग्णांनी मोजली, असे नंतरच्या विश्लेषणांतून सूचित झाले.

जर्मनीतून संचालित आणि पाऊलस किर्शहोफ यांच्या नेतृत्वाखालील ईस्ट-एएफनेट ४ या चाचणीने २०२० साली चित्र पालटले. निदान होऊन बारा महिन्यांपेक्षा कमी काळ झालेल्या २७८९ रुग्णांपैकी ज्यांना प्रारंभापासून लयनियंत्रण मिळाले त्यांच्यात हृदयवाहिन्यासंबंधी मृत्यू, पक्षाघात, हृदयनिकामीपणा किंवा तीव्र हृदयविकारासाठी रुग्णालयात दाखल होणे या एकत्रित घटनांचे प्रमाण दर शंभर व्यक्तिवर्षांमागे ३.९ होते. नेहमीच्या उपचारगटात ते ५.० होते. फरक स्पष्ट असल्यामुळे चाचणी मुदतीआधी थांबवण्यात आली. पहिल्या प्रश्नाचे उत्तर, म्हणजे लय लवकर पूर्ववत करावी काय याचे, येथे होकारार्थी मिळाले असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

पण लवकर ॲब्लेशनच्या प्रत्येक समर्थनात ही चाचणी पहिल्या क्रमांकाने येते, आणि येथेच वाचनातील घसरण सुरू होते. या चाचणीच्या लयनियंत्रण गटातील रुग्णांपैकी आरंभी केवळ ८ टक्के आणि दोन वर्षांनंतरही केवळ १९.४ टक्के रुग्णांचे ॲब्लेशन झाले होते. उरलेल्या चार पंचमांश रुग्णांना फायदा मिळाला तो औषधांनी आणि आवश्यक तेथे विद्युत्झटक्याने लय परत आणून. म्हणजे सदर चाचणी लवकर लयनियंत्रणाची साक्षीदार आहे. ॲब्लेशनच्या बाजूने तिला उभे करणे म्हणजे साक्षीदाराच्या तोंडी न उच्चारलेले शब्द घालणे होय. उलट दुसऱ्या बाजूने असेही म्हणता येईल की, ॲब्लेशनची वाट पाहत असताना योग्य औषधाने लय टिकवून धरणे हाही लवकर उपचारच आहे, हे या चाचणीइतके दुसऱ्या कोणीच ठळकपणे दाखवलेले नाही.

औषध की ॲब्लेशन

दुसऱ्या प्रश्नावरील पुरावा तुलनेने स्वच्छ आहे. कॅनडातील जेसन अँड्रेड व सहकाऱ्यांच्या अर्ली-एएफ या चाचणीत, आधी लयनियंत्रक औषध न घेतलेल्या ३०३ रुग्णांच्या त्वचेखाली हृदयलय सतत नोंदवणारे छोटे यंत्र बसवण्यात आले. त्यांची विभागणी यादृच्छिक पद्धतीने अतिशीत फुग्याचे ॲब्लेशन आणि औषध या दोन गटांत झाली. वर्षभरात लयबिघाड पुन्हा आढळण्याचे प्रमाण ॲब्लेशन गटात ४२.९ टक्के, तर औषध गटात ६७.८ टक्के होते. २०३ रुग्णांच्या स्टॉप एएफ फर्स्ट या अमेरिकी चाचणीचा निकाल याच दिशेचा आला. दोन्ही २०२१ साली प्रसिद्ध झाल्या. ॲब्लेशनचा परिणाम हा निव्वळ मानसिक दिलासा असावा, अशी शंका अनेक वर्षे व्यक्त होत असे. ब्रिटनमध्ये १२६ रुग्णांवर बनावट शस्त्रक्रियेशी तुलना करून झालेल्या व २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीने ती शंका बव्हंशी दूर केली. लक्षणे असलेल्या पॅरॉक्सिस्मल फिब्रिलेशनमध्ये औषधापेक्षा ॲब्लेशन अधिक परिणामकारक आहे, हे आता मान्य करावयास हवे.

तथापि, या आकड्यांकडे थोडे थांबून पाहणे उपयुक्त ठरेल. ४२.९ टक्के म्हणजे ॲब्लेशन झालेल्या दर सात रुग्णांपैकी तिघांमध्ये वर्षभरात यंत्राला लयबिघाड सापडला. त्यांपैकी बहुतेकांना तो जाणवला नाही; जाणवणाऱ्या पुनरावृत्तीचे प्रमाण ११ टक्के, तर औषध गटात २६.२ टक्के होते. उपचार यशस्वी झाला असे कशास म्हणावे, हे म्हणजे नोंद करणारे यंत्र किती जागरूक आहे यावर ठरते. जुन्या अभ्यासांत वर्षातून दोनचार वेळा घेतलेल्या ईसीजीवर आधारलेली यशाची उंच टक्केवारी अजूनही सांगितली जाते, तिच्याकडे या दृष्टीने पाहणे अगत्याचे आहे.

आयुर्मान व पक्षाघात या कठोर कसोट्यांवर मात्र ॲब्लेशनचे श्रेष्ठत्व सर्वसाधारण रुग्णांत सिद्ध झालेले नाही. २२०४ रुग्णांच्या कबाना चाचणीत (२०१९) मृत्यू, गंभीर पक्षाघात, गंभीर रक्तस्राव व हृदय बंद पडणे यांचे एकत्रित प्रमाण ॲब्लेशन गटात ८.० आणि औषध गटात ९.२ टक्के आले; हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय नव्हता. औषध गटातील २७.५ टक्के रुग्णांनी चाचणी सुरू असतानाच ॲब्लेशन करून घेतले, त्यामुळे फरक पुसट झाला असावा, हा समर्थकांचा आक्षेप पूर्णतः फेटाळण्यासारखा नाही. पण प्रत्यक्ष मिळालेल्या उपचारानुसार नव्याने गट पाडून अनुकूल आकडे मांडणे, हा यादृच्छिक विभागणीचा हेतूच रद्द करणारा उपाय आहे. चाचणीचा निकाल मनाजोगता आला नाही म्हणून तिची रचना मागाहून बदलणे इतर कोणत्याही ज्ञानशाखेत मान्य होणार नाही.

थांबण्याचा प्रश्न

आता तिसऱ्या आणि मध्यवर्ती प्रश्नाकडे वळता येईल. निदानापासून ॲब्लेशनपर्यंतचा काळ जितका अधिक, तितकी पुनरावृत्ती अधिक, असे अनेक निरीक्षणात्मक अभ्यासांत आढळले आहे. अशा सहा अभ्यासांतील ४९५० रुग्णांचे एकत्रित विश्लेषण २०२० साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार वर्षभराच्या आत ॲब्लेशन झालेल्यांत पुनरावृत्तीची सापेक्ष जोखीम २७ टक्क्यांनी कमी होती. ‘वर्षभराची खिडकी’ ही प्रतिमा रूढ झाली ती येथून. खिडकी म्हटले की ती बंद होणार हे आलेच.

परंतु या अभ्यासांत कोणाला लवकर आणि कोणाला उशिरा उपचार मिळावा हे संशोधकांनी ठरवले नव्हते, ते परिस्थितीने ठरवले. ज्याला तीव्र लक्षणे आहेत, वय कमी आहे, अन्य आजार नाहीत, तज्ज्ञ केंद्र जवळ आहे आणि खर्चाची सोय आहे, तो लवकर पोहोचतो. ज्याला मधुमेह आहे, वजन अधिक आहे, ज्याचे अलिंद रुंदावले आहे आणि ज्याच्यावर एकामागून एक औषधे वापरून पाहिली गेली आहेत, तो उशिरा पोहोचतो. दुसऱ्या गटात पुनरावृत्ती अधिक दिसली तर दोष काळाचा की रुग्णाच्या मूळ अवस्थेचा, हे संख्याशास्त्रीय दुरुस्त्या करूनही पूर्णपणे वेगळे काढता येत नाही. शिवाय निदानाचा दिवस हाच मुळात अनिश्चित. ज्याला धडधड जाणवते त्याचे निदान पहिल्या आठवड्यात होते. ज्याला काहीच जाणवत नाही त्याचे निदान मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत योगायोगाने होते आणि तोवर विकार किती वर्षे चालू होता हे कोणालाच माहीत नसते. अशा रुग्णाचे निदानानंतर महिन्याभरात झालेले ॲब्लेशन कागदोपत्री ‘लवकर’ ठरते.

काळाचा परिणाम खरोखर तपासायचा तर काळाचेच यादृच्छिक वाटप करायला हवे. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे जोनाथन काल्मन व सहकाऱ्यांनी नेमके हेच केले. त्यांचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. लक्षणे असलेल्या १०० रुग्णांपैकी एका गटाचे ॲब्लेशन सुमारे महिन्याभरात, तर दुसऱ्याचे औषधोपचार चालू ठेवून बारा महिन्यांनंतर करण्यात आले. ॲब्लेशननंतरच्या वर्षभरात लयबिघाडापासून मुक्त राहिलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात सुमारे ५६ टक्के आणि दुसऱ्यात सुमारे ५९ टक्के होते. फरक जवळजवळ नव्हताच, आणि जो होता तो थांबलेल्यांच्या बाजूने झुकणारा.

या चाचणीच्या मर्यादाही स्पष्टपणे नोंदवायला हव्यात. रुग्णसंख्या लहान आहे, केंद्रे मोजकी आहेत आणि थांबण्याचा काळ एक वर्षाचा आहे. तीन किंवा पाच वर्षे थांबण्याबद्दल ती काही सांगत नाही. थांबलेले रुग्ण वाऱ्यावर सोडलेले नव्हते, त्यांना अनुभवी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली औषधे मिळत होती. ज्यांची लक्षणे औषधांनी आटोक्यात येत नाहीत त्यांना वर्षभर त्रास सोसायला लावणे मुळातच समर्थनीय नाही, हेही खरे. एवढे सगळे मान्य करूनही एक गोष्ट उरते. थांबण्याच्या परिणामाची थेट परीक्षा घेणारा हा पुरावा निरीक्षणात्मक अभ्यासांच्या दर्जापेक्षा वरच्या दर्जाचा असूनही चर्चेत त्याला मिळणारे स्थान मात्र खालचे आहे.

घाईच्या पक्षाकडे याहून सबळ असा एक युक्तिवाद आहे आणि तो डावलून चालणार नाही. अर्ली-एएफच्या तीन वर्षांच्या पाठपुराव्यात अधूनमधून येणारे फिब्रिलेशन सतत टिकणाऱ्या प्रकारात रूपांतरित होण्याचे प्रमाण ॲब्लेशन गटात १.९ टक्के, तर औषध गटात ७.४ टक्के आढळले. २५५ रुग्णांच्या ॲटेस्ट या चाचणीत तीन वर्षांअखेरचे हे आकडे अनुक्रमे २.४ आणि १७.५ टक्के होते. म्हणजे ॲब्लेशन विकाराची वाटचाल रोखते, असा अर्थ निघतो. हा अर्थ महत्त्वाचा आहे. त्यामुळे निर्णय वर्षानुवर्षे लांबवू नये हे म्हणणे पटते. पण याच आकड्यांचे दुसरे वाचन असे की, केवळ औषधांवर असलेल्या रुग्णांपैकीही शंभरातील ८२ ते ९२ जणांचा विकार तीन वर्षांत पुढच्या पायरीवर गेला नाही. ही गती वर्षांत मोजण्याची आहे. ‘पुढच्या आठवड्यातील तारीख घ्या, नाहीतर उशीर होईल’ या वाक्याला तिच्यातून आधार मिळत नाही.

जेथे घाई खरी आहे

हृदयनिकामीपणाची जोड असलेल्या रुग्णांची गोष्ट वेगळी आहे. डाव्या निलयाची क्षमता घटलेल्या ३६३ रुग्णांच्या कॅसल-एएफ चाचणीत (२०१८) मृत्यूचे प्रमाण ॲब्लेशन गटात १३.४, तर औषध गटात २५.० टक्के होते. हृदयरोपणासाठी विचाराधीन असलेल्या १९४ रुग्णांच्या २०२३ सालच्या चाचणीत फरक इतका ठळक होता की ती लवकर थांबवावी लागली. जलद व अनियमित ठोक्यांमुळेच निलय दुबळे झाले असेल तर लय परत आणल्यावर ते सावरू शकते, आणि तेथे प्रत्येक महिना मोलाचा असतो. गंमत अशी की, माहितीपत्रकांतील घाई चाळिशीतल्या तुलनेने निरोगी रुग्णाला उद्देशून असते आणि खरी घाई असणारा दम लागलेला रुग्ण ‘आधी प्रकृती सुधारू द्या’ म्हणून मागे ठेवला जातो.

थांबण्याच्या काळाचा उपयोग

काही महिन्यांच्या प्रतीक्षेने नुकसान होत नसेल तर तिचा लाभ करून घेता येतो, ही बाब वेळेच्या चर्चेत अनुल्लेखित राहते. ऑस्ट्रेलियातीलच ॲडलेड येथे प्रशांतन सँडर्स व सहकाऱ्यांनी २०१४ आणि २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत वजन, रक्तदाब, साखर आणि झोपेतील श्वसनरोध यांवर नेटाने काम करणाऱ्या रुग्णांत ॲब्लेशनचा निकाल अधिक टिकाऊ ठरला. दहा टक्के किंवा अधिक वजन उतरवून ते टिकवणाऱ्यांत लयबिघाड लक्षणीयरीत्या घटला. हे अभ्यास यादृच्छिक नव्हते, म्हणून निरीक्षणात्मक पुराव्यावरील वरचा आक्षेप त्यांनाही लागू होतो. मात्र मद्यपानाबाबत यादृच्छिक पुरावा आहे. नियमित मद्यपान करणाऱ्या १४० रुग्णांच्या २०२० सालच्या चाचणीत मद्य सोडणाऱ्यांत पुनरावृत्ती ५३ टक्के, तर न सोडणाऱ्यांत ७३ टक्के होती. वीस टक्क्यांचा हा फरक अर्ली-एएफमधील ॲब्लेशन व औषध यांच्यातील फरकाच्या फार मागे नाही, आणि त्यासाठी हृदयात नळी घालावी लागत नाही. रुग्णगट वेगळे असल्याने थेट तुलना करता येणार नाही, पण हा उपाय ॲब्लेशननंतर जमल्यास करावयाचा म्हणून शेवटच्या परिच्छेदात ढकलण्याइतका किरकोळ नक्कीच नाही.

जोखमीचाही हिशेब आहे. यादृच्छिक चाचण्यांच्या २०२३ सालच्या एकत्रित विश्लेषणात ॲब्लेशनशी निगडित गुंतागुंतीचे प्रमाण साडेचार टक्क्यांच्या आसपास होते. ते काळानुसार घटत आहे आणि मृत्यू अत्यंत विरळ आहेत. तरीही हृदयावरणात रक्त साठणे, पक्षाघात, मध्यपटलाच्या नसेला इजा यांची शक्यता शून्य नाही. विद्युत्स्पंदांच्या नव्या तंत्राने अन्ननलिकेची व नसांची इजा कमी होईल अशी अपेक्षा आहे. ६०७ रुग्णांच्या २०२३ सालच्या ॲडव्हेंट चाचणीत हे तंत्र जुन्या तंत्रांच्या तोडीस तोड ठरले.

पक्षाघाताचा धोका आणि लय यांचे नाते तर सर्वांत गैरसमजाचे आहे. ॲब्लेशन लवकर केले म्हणजे रक्त गोठू न देणारे औषध लवकर सुटेल, ही रुग्णांची मोठी आशा असते. प्रचलित सूत्रांनुसार ते औषध वय, रक्तदाब, मधुमेह, पूर्वीचा पक्षाघात अशा घटकांवरून ठरते, लय पूर्ववत झाली की नाही यावरून नव्हे. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या ८४० रुग्णांच्या दक्षिण कोरियातील चाचणीत, यशस्वी ॲब्लेशननंतर वर्षभर पुनरावृत्ती न झालेल्यांत हे औषध थांबवणे हितावह ठरले. त्यामुळे या नियमाचा फेरविचार होत आहे. तोही ॲब्लेशन यशस्वी झाले की नाही याविषयी आहे, ते किती लवकर झाले याविषयी नाही.

भारतीय रुग्ण या चर्चेत कोठे बसतो

वर उल्लेखिलेल्या बहुतेक चाचण्यांतील सरासरी रुग्ण युरोपीय, उत्तर अमेरिकी किंवा ऑस्ट्रेलियन आहे. तो साठीच्या आगेमागे आहे, त्याच्या झडपा निरोगी आहेत. भारतातील चित्र वेगळे आहे. भारतीय हृदयलय संघटनेच्या पंधराशेहून अधिक रुग्णांच्या २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या नोंदवहीत रुग्णांचे सरासरी वय पंचावन्नच्या आसपास होते आणि जवळजवळ निम्म्या रुग्णांत ऱ्हुमॅटिक झडपविकार होता. बालपणी घशाच्या जंतुसंसर्गानंतर येणाऱ्या ऱ्हुमॅटिक तापाने मायट्रल झडप आकसते, डाव्या अलिंदावर वर्षानुवर्षे ताण पडतो, ते फुगते आणि मग फिब्रिलेशन सुरू होते. अशा रुग्णात ठिणगी फुफ्फुसशिरेत शोधून उपयोग मर्यादित, कारण विकाराचे मूळ झडपेत आहे.

या रुग्णांच्या लयनियंत्रणाविषयीचा एक महत्त्वाचा यादृच्छिक अभ्यास मुंबईतला आहे. अमित व्होरा व सहकाऱ्यांनी १४४ ऱ्हुमॅटिक रुग्णांवर केलेला हा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. ॲमिओडॅरोनच्या साहाय्याने लय पूर्ववत ठेवण्याचा प्रयत्न केलेल्या रुग्णांत श्रम करण्याची क्षमता व जीवनमान सुधारले. अफर्मचा प्रतिकूल निकाल जगभर प्रमाण मानला जात असताना हा निष्कर्ष निघाला होता. वेगळ्या रुग्णसमूहाला वेगळे उत्तर लागू पडू शकते, याचे इतके जवळचे उदाहरण असूनही मराठी किंवा इंग्रजी लोकप्रिय आरोग्यलेखनात त्याचा उल्लेख क्वचितच आढळतो. २०२२ सालच्या इन्व्हिक्टस चाचणीने हीच गोष्ट औषधांबाबत पुन्हा दाखवली. भारतासह २४ देशांतील साडेचार हजारांहून अधिक ऱ्हुमॅटिक रुग्णांत रिव्हारोक्सॅबान या नव्या औषधापेक्षा, नियमित रक्ततपासणी करून द्यावे लागणारे जुने औषध मृत्यू टाळण्यात सरस ठरले. इतरत्र नवे औषध बरोबरीचे किंवा सरस मानले जाते.

भारतात ॲब्लेशनचा खर्च काही लाख रुपयांच्या घरात जातो आणि पुनरावृत्ती झाल्यास दुसऱ्यांदा तोच खर्च उभा राहतो. अशा स्थितीत ‘खिडकी बंद होत आहे’ हे शब्द ऐकणारे कुटुंब कर्ज काढते किंवा दागिने मोडते. तीन महिन्यांनी विम्याची प्रतीक्षामुदत संपणार असेल तरी थांबत नाही. मेलबर्नच्या चाचणीचा निकाल त्याला सांगितला गेला असता तर कदाचित थांबले असते, आणि दरम्यान रक्तदाबाची गोळी व वजनाचा काटा यांकडे लक्ष देता आले असते. ऱ्हुमॅटिक रुग्णाच्या बाबतीत तर वेळेचा हिशेब याहून पुष्कळ मागे, शाळकरी वयात सुरू होतो. ताप येऊन गेलेल्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी द्यावयाचे पेनिसिलिनचे इंजेक्शन न चुकणे, नंतर इकोकार्डिओग्राफीने झडपेची पाहणी होणे आणि अलिंद फुगण्याआधी फुग्याने झडप रुंद केली जाणे, या तीन टप्प्यांवर त्याचे फिब्रिलेशन पुढे ढकलता येते. जिल्हा रुग्णालयात पेनिसिलिनचे इंजेक्शन वेळेवर उपलब्ध असणे हे त्या मुलासाठी कॅथेटर प्रयोगशाळेच्या तारखेपेक्षा आधी येते.